हत्तीगोट्याचा कान

वैनगंगेच्या काठी पिंपळघाट नावाचे ढिवरांचे, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचे, गाव आहे. गाव लहान, घाट मोठा, आणि घाटावर महादेवाचे जुने देऊळ. या देवळाच्या पायरीवर वेळूनाथ महाराज बसत असत. ते कोठून आले, त्यांचे खरे नाव काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. एका सकाळी बाया पाण्याला आल्या, तेव्हा महाराज हातात वेळूची काठी घेऊन पायरीवर बसलेले दिसले, इतकेच काय ते खरे. नाव विचारले तर हसले. मग गावानेच काठीवरून नाव ठेवले आणि महाराजांनीही ते आनंदाने घेतले.

महाराज कीर्तन करीत नसत, उपदेश तर मुळीच नाही. ते प्रश्न विचारीत. भाकरी घेऊन आलेल्या बाईला म्हणायचे, “माय, तुझ्या चुलीचा धूर आधी कोणत्या फटीतून बाहेर पडतो ग?” बाई गोंधळून जायची. पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करता करता तिची मान आपोआप वर व्हायची, आणि त्या छपराखाली इतकी वर्षे काढूनही आपण तिकडे कधी पाहिलेच नाही हे तिच्या ध्यानात यायचे. कोणी म्हणत, हे साधू की लहान लेकरू? महाराजांच्या कानावर ते आले की महाराजच आधी हसत.

या प्रश्नांना मनापासून भुललेला एक भक्त होता, कवडू मारबते. बिचारा जन्माचाच चौकस. स्वतःच्या लग्नात त्याने भटजीला विचारले होते, “हा अंतरपाट काहून धरता जी?” आणि भटजी सांगत बसले तोवर मुहूर्त टळायची वेळ आली होती. कवडूची जाळी इतरांइतकीच भरत आणि इतरांइतकीच रिकामी येत. गावात मान म्हणाल तर तो नव्हता. तो येताना दिसला की लोक एकमेकांना कोपराने ढोसत, “आलं पाहा, कवडूचं ‘काहून’ आलं!” त्याचा तरणाताठा मुलगा दसरू हे ऐकून खाली मान घाली. नुकतेच लग्न झालेले, सासुरवाडीची माणसे घाटावर येत-जात, आणि त्यांच्यादेखत बापाची अशी थट्टा! कवडूला हे कळत होते. त्याला वाईटही वाटे. पण जीभ राहत नसे.

आता त्या गावची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे समजायचे नाही. घाटासमोर नदीच्या मध्यावर एक भला मोठा खडक आहे, त्याला हत्तीगोटा म्हणतात. सोंड पाण्याला लावून हत्ती पाणी पीत बसला आहे, असा त्याचा आकार. सोंडेच्या वर कानासारखा फुगवटा. हा कान कोरडा दिसला की नदी डोंग्याला मोकळी समजायची. कानाला पाणी लागले की डोंगे काठावर ओढून पालथे घालायचे. डोंगा म्हणजे त्यांची लाकडी होडी, बांबूने तळ रेटीत चालवायची. बांबूला तळ सापडेनासा झाला, की डोंग्यातल्या माणसाचे काही खरे नाही. म्हणून या कानाला एवढे महत्त्व.

कान पाहून ‘सोडा डोंगे’ म्हणण्याचा मान दिघोऱ्यांच्या घराण्याचा. त्या काळी तो हिरामण दिघोरेकडे होता. माणूस धिप्पाड, आवाज खणखणीत, आणि नदीत कोणापेक्षाही पुढे जाणारा. हे सगळे खरे. पण आपल्या शब्दावर गाव हलते, हे त्याच्या डोक्यात गेले होते. पायरीवरच्या साधूला तो लांबूनच हात जोडी, तेही कोणी बघत असले तर.

त्या वर्षी श्रावणात नदीला असा पूर आला की म्हाताऱ्यांनीही तोंडात बोट घातले. कित्येक दिवस हत्ती दिसलाच नाही. मग भाद्रपद लागला, पाणी हळूहळू ओसरू लागले, आणि एका सकाळी हत्तीचे डोके पाण्याबाहेर आले. घाटावर नुसता आनंद! डोंगे उताणे झाले, फटींत डांबर भरले गेले, जाळ्यांची भोके सांधली गेली. घरोघरी माशांच्या कालवणाची आठवण निघू लागली.

महाराज पायरीवर बसून नदीकडे बघत होते. कवडू पाया पडायला आला तसे म्हणाले, “कवडू, तुमचा हत्ती पाणी पीत असायचा ना रे?”

“होय जी, महाराज. पिढ्यानपिढ्या पिऊन ऱ्हायला.”

“मग आज आभाळाकडे का बघतोय?”

कवडूने वळून पाहिले. पाहतच राहिला. रोज उठून ज्याच्याकडे बघायचे तो हत्ती, आणि त्याची मान काहीतरी वेगळी दिसत होती. की तशीच होती? नेमकी कशी होती, हेच आठवेना. त्याने डोळे मिटून पाहिले, एक डोळा मिटून पाहिले, खाली वाकून पाहिले. महाराज गमतीने बघत होते.

झाले! कवडूला आता अन्न गोड लागेना. तो घाटावर कपडे धुणाऱ्या म्हाताऱ्या तान्हाबाईजवळ जाऊन उकिडवा बसला.

“मावशे, हत्तीचा कान भिजला म्हंजे इकडं घाटावर पानी कुठवर येत होतं?”

तान्हाबाईने लुगडे आपटायचे थांबवले. “नंदीच्या खुराले लागे, बाप्पा. मले पक्कं आठवते. तवा नंदीचे पाय धुवाले मले घागर नाही लागे.”

कवडूने देवळासमोरच्या नंदीकडे पाहिले. खूर पाण्यात बुडाले होते, गुडघेही ओले होते. आणि तिकडे हत्तीचा कान चांगला हातभर वर, उन्हात कोरडा ठणठणीत!

तो तसाच हिरामणकडे धावला. हिरामण चार माणसांत बसून जाळे नीट करीत होता. कवडूने धापा टाकीत सगळे सांगितले. हिरामणने शांतपणे ऐकून घेतले, दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, “मंग नंदी खचला असंल, कवड्या. एवढा पूर आल्ता. देऊळ जुनं, पायऱ्या जुन्या.”

लोक खो खो हसले. कवडूही जरा थबकला. कारण हे म्हणणे अगदीच खोटे म्हणता येईना. हत्ती उठला की नंदी बसला, हे कसे ओळखायचे? त्याला अपमान झाल्याचे भानच नव्हते, तो या कोड्यातच अडकला. परत पायरीवर येऊन त्याने महाराजांना तेच विचारले.

“मला काय विचारतोस?” महाराज म्हणाले. “हत्ती दगडाचा, नंदी दगडाचा. दोघे आपापल्या परीने सांगतायत. पाणी कोणाच्या बाजूने आहे ते पाण्याला विचार.”

पाण्याला कसे विचारायचे? कवडू बराच वेळ काठावर उभा राहिला. मग त्याला एक गोष्ट आठवली. डोंगे चालतात अशा पाण्यात तुराटी टाकली, तर काठाने रमतगमत चालणारा माणूस तिच्या बरोबरीने जातो. लहानपणी सगळ्यांनीच हा खेळ खेळलेला. त्याने एक तुराटी घेतली, जमेल तितकी लांब फेकली आणि काठाने चालू लागला. तुराटी पुढे गेली. तो भरभर चालला. तुराटी आणखी पुढे. मग तो धावला, धोतर पायात आले आणि गडी चिखलात सपशेल आडवा!

घाटावर हशा पिकला. “कवडू काडीसंगं शर्यत लावून ऱ्हायला!” हिरामण ओरडला. “कोन जिकलं बे?”

“काडी जिकली,” कवडू चिखलातून उठत म्हणाला. त्याच्या मनात भीती उतरली होती. पण लोकांना ते उत्तर फारच गमतीचे वाटले.

दसरू तेथेच उभा होता. त्याने बापाला हात दिला नाही. संध्याकाळी भाकरी खाताना एवढेच म्हणाला, “उद्या हिरामणकाका पहिला डोंगा काढते. बांबूवर मले बोलावलं त्यायनं.”

पहिल्या डोंग्यात बसणे म्हणजे केवढा मान! तो डोंगा जाऊन जाळे टाकतो, तोवर बाकीचे काठावर थांबतात. दुसरी वेळ असती तर कवडूने गावभर सांगितले असते. आता त्याचा घास हातातच राहिला.

“नको जाऊ, दसरू. मले पानी बरोबर नाही वाटे.”

“तुमाले कधी काय बरोबर वाटलं, बा?” दसरूचा आवाज चढला. “साऱ्या गावाले कान कोरडा दिसते. तुमाले एकट्याले नाही दिसे. मले लाज वाटते आता!”

कवडूने हातातला घास ताटात ठेवला. एकुलता एक मुलगा. त्याला दटावून थांबवावे, तर आपल्याजवळ दाखवायला काय होते? एक बुडालेला खूर आणि एक तुराटी. तो स्वतः तरी कोठे खात्रीने सांगू शकत होता?

सकाळी घाट भरून गेला. डोंग्याला हळदकुंकू लागले, नारळ फुटला. हिरामणने कपाळावर हात धरून हत्तीगोट्याकडे पाहिले. कान कोरडाच होता. “सोडा!” तो म्हणाला. डोंगा पाण्यात गेला. पुढे दसरू बांबू घेऊन उभा, मागे हिरामण. कवडू गर्दीच्या मागे, पायरीवर महाराजांच्या जवळ उभा होता. त्याचे ओठ हलत होते. देवाचे नाव घेत होता की मुलाला परत बोलावीत होता, त्याचे त्यालाच ठाऊक.

हत्तीगोट्याच्या पाठीमागे पाणी नेहमी थबकून असे. तेथे डोंगा उभा करायचा आणि जाळे टाकायचे, हा नेम. दसरूने सवयीने तिकडे वळण घेतले. पण पाणी आज थबकलेले नव्हतेच! ते तेथे गरगर फिरत होते. दसरूने बांबू खाली घातला, तो जातच राहिला. ठाव लागेना. तो आणखी वाकला, आणि बांबू हातातून कोणी हिसकावा तसा निघून गेला. डोंग्याने एक गिरकी घेतली आणि तो गोट्यावर आपटला. फळी फुटल्याचा आवाज काठापर्यंत आला. पाण्याने डोंगा दगडाशी दाबून धरला होता, एवढीच काय ती खैर. आत पाणी भरत होते. दोघे दगडावर चढू पाहत, आणि निसरड्या शेवाळावरून घसरून परत डोंग्यात पडत.

काठावर आरडाओरडा झाला. तेथल्या दोन गड्यांनी दुसरा डोंगा ढकलला, पण पहिल्याच धारेने तो असा ओढला की दोराला धरून कसाबसा मागे घेतला. पट्टीचे पोहणारे उभे होते, कोणाचा पाय उचलेना. हिरामणच्या बायकोने कपाळ बडवून घेतले.

कवडूने दोराचे वेटोळे उचलले, एक टोक नंदीच्या गळ्यात बांधले आणि तो पाण्याच्या कडेला आला. पण पुढे? ढिवर असूनही त्याला नीट पोहता येत नव्हते. त्याने मागे वळून जीव तोडून हाक मारली, “महाराज! माझा लेक जाते जी!”

महाराज उठले. काठी त्यांनी पायरीवरच ठेवली. घाईही केली नाही. रोज अंघोळीला उतरत तसे ते पाण्यात उतरले, चार पावले गेले आणि मागे वळून म्हणाले, “ये.”

कवडू गेला. काय आश्चर्य सांगावे! ज्या धारेने दुसरा डोंगा ओढला त्या धारेत महाराज उभे, आणि पाणी त्यांच्या गुडघ्याला! कवडूने त्यांच्या मागे पाऊल टाकले. पायाखाली वाळू, घट्ट, उन्हाळ्यात कलिंगडाच्या वाडीत असते तशी. दोन्ही बाजूंनी नदी खळाळून धावत होती, आणि मधून ते दोघे चालले होते. लेकराच्या काळजीने कवडूचे डोळे डोंग्यावर खिळले होते. पण माणसाचा स्वभाव बघा! तशातही त्याला राहवले नाही. त्याने डावा पाय हळूच बाजूला टाकून पाहिला. तेथे काहीच नव्हते! ना वाळू, ना दगड. पाय कमरेपर्यंत आत गेला. त्याने घाबरून तो ओढून घेतला आणि महाराजांची कफनी गच्च धरली.

“महाराज, हे कसं जी?”

“आधी लेकाला आण,” महाराज मागे न बघता म्हणाले, “मग विचार.”

डोंगा जवळ आला. महाराज एका बाजूला झाले आणि कवडू पुढे होऊन उभा राहिला. दोर फेकला. दसरूने तो धरला, बापाच्या तोंडाकडे पाहिले, आणि काहीही न विचारता डोंग्यातून पाय खाली सोडला. वाळूला पाय लागताच तो बापाच्या गळ्यात पडून रडू लागला. कवडूने त्याला महाराजांच्या स्वाधीन केले.

हिरामण मात्र डोंग्याची कड धरून बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“इथं ठाव नाही!” तो ओरडला. “माह्या बापानं दोन बांबू बांधून पाह्यलं होतं इथं. ठाव नाही, कवड्या! मी नाही उतरत!”

“मी उभा हाव ना इथं!”

“तू कसा उभा हायेस?”

“मले नाही मालूम!” कवडू म्हणाला. “माह्या गुडघ्याकडं पाहा अन् हात दे!”

हिरामणने गुडघ्याकडे पाहिले. आयुष्यभर जे पाणी तो ओळखून होता, ते त्याला एक सांगत होते आणि समोरचा हा वेडा माणूस दुसरेच. डोंगा करकरला. हिरामणने डोळे मिटले, हात पुढे केला आणि पाय खाली टाकला. त्याच क्षणी डोंगा सुटला, उलटला आणि भोवऱ्यात दिसेनासा झाला.

चौघे काठावर आले तेव्हा लोकांनी महाराजांचा असा जयजयकार केला की देवळातली कबुतरे उडाली. सगळे पायांवर पडू लागले. हिरामण तेवढा ओल्या कपड्यांनी घरी निघून गेला. त्याने दार लावून घेतले.

आणि कवडू? मुलाला मिठी मारून झाली, रडून झाले, आणि थोड्या वेळाने तो नदीवर परत हजर! दोन बांबू एकाला एक बांधून, दोर कमरेला लावून तो काठावरून जेथे जेथे गुडघाभर पाण्यात चालला होता तेथे तेथे टोचून पाहत होता. चौथ्या पावलापासूनच बांबू खाली टेकेना. तो महाराजांपुढे येऊन बसला.

“महाराज, तुमी म्हनलं होतं, मग विचार. ते वाळू कुठून आली होती?”

“मला काय ठाऊक?” महाराज म्हणाले. “तुझी हाक आली म्हणून मी उठलो. खाली कोणी बघितलं?”

कवडूने हातातले बांबू खाली ठेवले. मग त्याने पायांवर डोके ठेवले. भक्तहो, हे एकच ‘काहून’ त्याने पुन्हा कधी विचारले नाही.

पाणी आणखी ओसरले तेव्हा सगळे उघड झाले. पुराने हत्तीगोट्याखालची वाळू खरवडून नेली होती आणि एवढा खडक मागच्या बाजूला कलला होता. वर्षानुवर्षे पाण्याखाली राहिलेला त्याचा शेवाळलेला गळा वर आला होता. नंदी आपल्या जागी होता.

एका सकाळी गाव पुन्हा डोंगे घेऊन घाटावर जमले. सवयीने सगळ्यांच्या माना हिरामणच्या घराकडे वळल्या. तो आला. गेल्या काही दिवसांत तो वाळल्यासारखा दिसत होता. त्याने हत्तीगोट्याकडे पाहिलेही नाही. गर्दीतून वाट काढीत तो थेट पायरीपाशी गेला. कवडू नेहमीप्रमाणे महाराजांजवळ बसला होता.

“कवडूभाऊ,” हिरामण म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हे नाव असे निघालेले गावाने पहिल्यांदाच ऐकले. “आज पानी कसं हाय?”

कवडूची तर तारांबळच उडाली.

“मले काय मालूम, हिरामण?” तो गडबडून उठला. “चाल, दोघं जाऊन पाहू.”

ते दोघे काठाने खालपर्यंत गेले, वर आले, नंदीच्या खुरांशी वाकले, पाण्यात हात घालून उभे राहिले. काय बोलले कोणाला ऐकू आले नाही. परत आले तेव्हा हिरामण महाराजांसमोर थांबला. त्याचा खणखणीत आवाज बसला होता.

“महाराज, त्या दिवशी तिथं ठाव नाही हे मले पक्कं ठाऊक होतं. माह्या बापाचं मोजलेलं पानी ते. तरी मी पाय खाली टाकला.”

“का टाकलास?” महाराजांनी विचारले.

हिरामणने कवडूकडे पाहिले. “मी ज्याले साऱ्या गावासमोर हसलो, तो मले घ्याले आला होता जी. त्याले नाही कसं म्हनू?”

एवढे बोलून त्या धिप्पाड माणसाला हुंदका फुटला. त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याचे डोके हलकेच उचलून बाजूला वळवले. तेथे कवडू उभा होता. हिरामण तेथेही वाकला. कवडूने घाईघाईने त्याला मध्येच धरले आणि दोघे एकमेकांना धरून उभे राहिले. मग दसरूने पुढे होऊन सगळ्यांदेखत बापाच्या पायांना हात लावला आणि विचारले, “बा, सोडू का डोंगा?”